भट्टीचे पैसे आणि चार पुस्तकं

उरूस सुरू झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी इन्साफ इजिप्तमधल्या मन्सूराहून माहेरी तांताला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपडे थोडे आणि दोन जाडजूड पुस्तकं होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. वलींच्या दर्ग्याकडे निघालेली माणसं साखरफुटाण्यांच्या ढिगापाशी थबकत होती. तिची वहिनी करीमान दोन्ही हातांनी पुड्या बांधत होती आणि थोरला भाऊ बदवी गल्ल्यावर उभ्या उभ्या एकाच वेळी तिघाचौघांशी भाव करत होता.

"आलीस? वर जा, यम्मा वाट बघतेय," तो मान वर न करता म्हणाला. मग त्याला पिशवी दिसली. "हे काय, शाळाच उचलून आणलीस?"

"यम्मानेच सांगितलं ना. ज्याला जे म्हणायचंय, त्याने त्याचं पुस्तक आणायचं."

"मलाही सांगितलंय. माझं पुस्तक दर्ग्याच्या दारात मिळतं. त्यासाठी मन्सूरापर्यंत जावं लागत नाही."

"वाचलंस का पण?"

"विकत घेतलंय," बदवी म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गावाच्या मध्यात वडिलांनी, हाजी घुनैमनी, उभी केलेली हरभऱ्याची भट्टी वसंतात विकली गेली होती. आजूबाजूला उंच इमारती झाल्या, धुराच्या तक्रारी वाढल्या, आणि शेवटी एका इमारत बांधणाऱ्यानेच आवार घेतलं. आता हरभरे गावाबाहेर भाड्याच्या भट्टीत भाजून यायचे. तिन्ही भावंडांनी आपापले हिस्से न उचलता सगळी रक्कम आईच्या नावावर पोस्टात ठेवली होती. तेव्हा हा शहाणपणा वाटला. पण पौंड घसरत चालला होता. वसंतात ज्या रकमेत एक बरं घर आलं असतं, तिच्यात आता त्याच घराचा वरचा मजलाही आला नसता. पोस्टाचं व्याज हराम म्हणून आई घेत नव्हती. ते पैसे तिथे नुसते पडून झिजत होते, आणि आईचं म्हातारपण, धाकट्या हिल्मीचं लग्न आणि दुकानाचा वाईट दिवसांचा आधार, सगळं त्यांच्यावरच होतं.

प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येकाचा वेगळा. उन्हाळाभर फोनवर भांडणं झाली. अखेर आईनेच, तफीदाने, नियम घातला. तिला अक्षर येत नव्हतं. धर्म, इतिहास, माणसाने कसं वागावं, हे जे काही तिला ठाऊक होतं ते कानांनी आत गेलेलं होतं. उरुसात रात्ररात्र नबींचं स्तवन गाणारे मुन्शिद तिचे गुरू. एखादी ओळ काळजाला भिडली की ती डोळे मिटून "अल्लाह!" म्हणायची आणि गाणाऱ्याला ती ओळ पुन्हा घ्यायला लावायची. मुलांना ती म्हणाली, "तुमची भांडणं ऐकून माझे कान विटले. पुस्तकं आणा. माझ्यासमोर मोठ्याने वाचा. पोरांचं मी ऐकणार नाही, पुस्तकाचं ऐकेन."

*

असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गर्दी दर्ग्याकडे ओसरली आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन सगळे वर आले. करीमानने पुदिन्याचा चहा आणला. खिडकीखालच्या मंडपातून गाण्याचा आवाज येत होता. हिल्मी खिडकी लावायला उठला.

"राहू दे," तफीदा म्हणाली. "त्या आवाजापुढे तुझं पुस्तक टिकलं तर टिकलं."

हिल्मीचं मोबाइल दुरुस्तीचं खोपट होतं, आणि मोबाइलवरच तो शेअरांच्या भावांचे आलेख बघत बसायचा. त्याचं पुस्तक पातळ, चकचकीत होतं. तो घाईघाईने वाचू लागला. भाव स्वतःच सगळं सांगतो. कंपनी काय करते, कोण चालवतं, याची चौकशी नको. रेघ चढत असेल तर बसावं, उतरू लागली की उतरावं.

"थांब," तफीदा म्हणाली. "म्हणजे माल बघायचाच नाही?"

"नाही यम्मा."

"हरभरा किडका असला तरी?"

"किडका असू दे! चढतोय ना? मग घ्यायचा. उतरायला लागला की विकून मोकळं."

"कुणाला?"

"जो घेईल त्याला."

"म्हणजे शेवटी कुणाच्या तरी पोराच्या पोटात कीड जाणारच."

करीमान चहात हसली. हिल्मी लाल झाला. "पुस्तकात हरभरा नाहीये, यम्मा!"

"मग काय आहे? हवा? बरं, पुढे वाच."

पुढे लिहिलं होतं की आत शिरायच्या आधीच किती तोटा सोसणार ते ठरवावं, आणि तेवढा झाला की मनाशी हुज्जत न घालता बाहेर पडावं. तफीदाने डोळे मिटले. "हे पुन्हा घे." हिल्मीने पुन्हा वाचलं. "हा माणूस कधीतरी भाजलेला दिसतो. ही ओळ खरी आहे."

इन्साफने दोन पुस्तकं काढली. दोन्ही काहिऱ्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली, कोपरे दुमडलेली. शाळेत हिशेब शिकवत तिची बरीच वर्षं गेली होती, पण नफा कसा लिहायचा एवढंच ती शिकवत आली होती. तो येतो कुठून, हे तिने गेल्या वर्षभरात या पुस्तकांतून वाचलं होतं. पहिलं पुस्तक म्हणत होतं, शेअर म्हणजे चिठ्ठी नव्हे, चालत्या दुकानाचा तुकडा आहे. दुकानाची खरी किंमत काढा, लोक घाबरून स्वस्तात विकतील तेव्हा घ्या आणि वर्षानुवर्षं हलू नका.

"हे तुमच्या बापाचं पुस्तक," तफीदा म्हणाली. "सगळे घाबरून मातीमोलाने भट्ट्या विकत होते तेव्हा त्याने ती जागा घेतली होती."

इन्साफच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिने दुसरं उघडलं. ते म्हणत होतं, दुकान पारखणं भल्याभल्यांना जमत नाही, तुम्हालाही जमणार नाही. म्हणून सगळ्याच दुकानांचा थोडा थोडा हिस्सा घ्या, मध्यस्थाला कमीत कमी द्या आणि विसरून जा.

"घ्या!" बदवीने मांडीवर थाप मारली. "तुझी दोन पुस्तकंच एकमेकांच्या झिंज्या उपटतायत."

"म्हणून तर दोन आणली, भाई."

"खरं कुठलं?"

"मला वाटतं दुसरं. पण दोघेही एक गोष्ट लिहितात, आमचं चुकू शकतं."

"चुकणाऱ्याचं पुस्तक पैसे देऊन घेतलंस? शाब्बास, मास्तरीणबाई!"

हिल्मीसुद्धा हसला. मघाशी झालेल्या अपमानानंतर तो भावाच्या बाजूला सरकला होता. इन्साफला दिसलं की मोजणी झाली तर ती एकटी आहे. आई दुसऱ्या पुस्तकावर काहीच बोलली नव्हती.

"आणि दारू गाळणाऱ्याच्या दुकानाचा थोडा हिस्साही घ्यायचा का?" बदवीने विचारलं.

"ते वगळता येतं. तसे वेगळे निधी असतात."

"असतात! कागदावर सगळं असतं. आपले साखरवाले हाजी शलबी लोकांचे पैसे धंद्यात घालतात आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हातावर रोकड ठेवतात. गल्लीत विचार कुणालाही."

"नबींवर दुरूद म्हणा," तफीदा म्हणाली, आणि सगळ्यांनी ती प्रार्थना म्हटली. आवाज खाली आले. "आता तू वाच, बदवी."

*

बदवीने पुस्तक मांडीवर घेतलं. भागीदारीच्या धर्मनियमांचं ते जुनं पुस्तक होतं, नव्याने छापलेलं. दर्ग्याच्या दारातल्या पुस्तकवाल्याला त्याने सांगितलं होतं, एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत हे हलाल आहे असं जिथे लिहिलंय ते पान काढून दे. पुस्तकवाल्याने पान काढून खूण घातली होती. तेवढंच पान बदवीने वाचलं होतं. त्याला तेवढंच हवं होतं.

एरवी त्याने हाही त्रास घेतला नसता. पण गुरुवारी हाजी शलबींच्या गोदामात, साखरेच्या पोत्यांच्या मध्ये उभं राहून, त्याने हाताचे तळवे वर करून हाजींबरोबर फातिहा, कुराणाचा पहिला अध्याय, वाचला होता. भट्टीचे पैसे हाजींच्या धंद्यात घालायचे, दरमहा ठरलेला नफा घ्यायचा. फातिहा झाला म्हणजे सौदा झाला. त्यानंतर कागद करणं हा हाजींसारख्याचा अपमान. हे घरात फक्त करीमानला माहीत होतं.

त्याने घसा साफ केला. पोरवयात तो मुन्शिदांच्या मागे बसून ओळी धरायचा. आवाज आता जाड झाला होता, पण लय अजून होती. "एकाने धन द्यावे, दुसऱ्याने श्रम," तो वाचू लागला, "आणि देव देईल त्या वाढीत दोघांनी वाटा घ्यावा. जोपर्यंत एक दुसऱ्याला फसवत नाही, तोपर्यंत बरकत त्यांच्यामधे बसलेली असते."

"अल्लाह!" तफीदा म्हणाली. "अल्लाह तुझा गळा राखो! पुन्हा."

त्याने पुन्हा घेतलं. खालचा मंडपही त्या क्षणी शांत होता. बदवीने इन्साफकडे पाहिलं. तिच्याही चेहऱ्यावर आनंद होता, तिचा भाऊ फार दिवसांनी असा वाचत होता. पान संपलं. त्याने पुस्तक मिटायला घेतलं.

"थांबू नकोस," तफीदा म्हणाली. "गळा लागलाय. पुढे."

"यम्मा, मुद्दा झाला."

"मुद्दा राहू दे रे. वाच."

त्याने पान उलटलं. लय तीच ठेवली. "वाटा हा अंशाने ठरवावा, अर्धा, तिसरा, चौथा. एकासाठी नफ्याची रक्कम ठरवून टाकली तर भागीदारी मोडली. कारण कदाचित धंद्याला एकूण तेवढीच रक्कम मिळेल, कदाचित तेवढीही मिळणार नाही, आणि मग..." त्याचा आवाज खाली आला, पण थांबता आलं नाही. "मग एकाचं पोट दुसऱ्याच्या मुद्दलातून भरेल. आणि तोटा झाला तर तो धनवाल्याचा. श्रम करणाऱ्याचे श्रम गेले, तोच त्याचा तोटा. मुद्दल सुखरूप राहील अशी हमी जो देतो, त्याने भागीदारी केली नाही, कर्ज घेतलं. आणि कर्जावरची वाढ..."

शेवटचा शब्द त्याने वाचला नाही. तो सगळ्यांना माहीत होता.

कुणी "अल्लाह" म्हटलं नाही.

"पुन्हा घे," तफीदा म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं, या वेळी लय नव्हती.

"शलबी काय देतो? वाटा की ठरलेली रक्कम?"

"ठरलेली."

"आणि बुडाले तर?"

"म्हणतात, बुडत नाहीत. मुद्दल माझ्या मानेवर, म्हणतात."

हिल्मीने हळूच विचारलं, "भाई, पण मग ज्यांना महिन्याला मिळतात, ते येतात कुठून?"

"तू मघाशी माझ्या बाजूला होतास ना?"

"होतो. पण माल बघायचा नाही हे माझ्या पुस्तकात आहे. तुझ्या पुस्तकात तर बघायला सांगितलंय."

करीमानने पेले गोळा करायला घेतले होते. ते तसेच खाली ठेवून ती म्हणाली, "सांगून टाका आता. मी नाही पोटात ठेवू शकत. फातिहा वाचून आलेत हे, गुरुवारी."

*

तफीदाने थोरल्याकडे बघितलं. तो चिडला की ओरडतो आणि घाबरला की गप्प होतो, हे तिला तो पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. तो गप्प होता.

"का रे?" तिने विचारलं.

"साखर," बदवी म्हणाला. "गावात साखर आहे का बघा कुणाकडे. शेजारच्या रांगेतली निम्मी दुकानं उरुसात बंद आहेत. आपल्याकडे पोती येतात, रोज. का येतात? हाजी म्हणाले, उस्ता बदवी, माझ्या माणसांना मी उपाशी ठेवत नाही. त्यांच्या माणसांत यायचं तर..."

"म्हणजे साखरेसाठी भट्टी दिलीस?" हिल्मी म्हणाला.

"तू गप! तुझं लग्न काय रेघांवर होणार आहे? वर्षाचं दुकान या आठ-दहा दिवसांवर चालतं. साखर नसती तर काय विकलं असतं मी, गिऱ्हाइकांना काय दुवा बांधून दिल्या असत्या?"

 इन्साफ बोलेल, 'मी म्हटलंच होतं' म्हणेल, याची तफीदा वाट बघत होती. मुलगी नुसती उठली आणि भावाच्या शेजारी जाऊन बसली. "आम्हाला सांगायचं होतंस, भाई," ती म्हणाली. "एकट्याने कशाला?"

"सांगून साखर आली असती?"

"नसती."

"मग."

तफीदाच्या मनात गाणं नव्हतं आता, दुकान होतं. पाऊस-थंडीचे महिने, भाड्याची भट्टी, हातगाडीवाल्याची उधारी. उरूस हातचा गेला तर हे सगळं कशावर? पण मघाची ओळ तिच्या लेकाच्याच गळ्यातून आली होती. तिला ती आता ऐकली नाही असं करता येत नव्हतं. एखाद्या परक्याने वाचली असती तर कदाचित आलं असतं.

"फातिहा तू तुझ्या जिभेने वाचलास आणि माझ्या पैशांवर," ती म्हणाली. "जीभ तुझी आहे, पैसे नाहीत. आज जा त्याच्याकडे."

"आणि उद्या पोती आली नाहीत तर?"

"तर नाही आली."

"यम्मा, उरूस आहे!"

"उरूस वलींचा आहे. आपण नुसते फुटाणेवाले." मग थोड्या मऊ आवाजात म्हणाली, "भांडून येऊ नकोस. पुस्तकात सांगितलंय तसं विचार त्याला. हो म्हणाला तर मी स्वतः पैसे काढून देते."

*

हाजी शलबींचा मंडप दर्ग्यामागच्या मैदानावर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला भात आणि मटण, कुणाला नाव-गाव विचारणं नाही. हाजी स्वतः बाह्या सरसावून पातेल्यापाशी उभे होते. बदवीला बघून त्यांनी त्याच्या गालाला गाल लावला.

"उस्ता बदवी! बस, जेव."

"हाजी, एक विचारायचं होतं. आमचे पैसे कुठल्या मालात जातील?"

"मालात! साखर, तेल, टायर. काही गोदामात, काही समुद्रावर. आता जहाज आणून दाखवू का तुला, उरुसात?"

"नको. फक्त असं करू, ठरलेली रक्कम नको. नफ्यातला वाटा द्या, अर्धा, तिसरा, तुम्ही म्हणाल तो. तोटा झाला तर तोही आमचा."

हाजी खळखळून हसले. "आयुष्यात लोक नफा मागायला आले. तोटा मागणारा तू पहिलाच, वल्लाह."

"पुस्तकात तसं आहे, हाजी."

"पुस्तकं शेखांसाठी असतात, लेका. मी व्यापारी माणूस. मला पहिल्या तारखेला विधवा बायका दारात दिसतात, त्यांना मी 'यंदा तोटा' म्हणून परत पाठवू?" त्यांनी बदवीच्या खांद्यावर हात ठेवला. रागाचा मागमूस नव्हता. "तुझ्या मनात किंतू आहे ना? मग राहू दे. फातिहाचं ओझं मी उतरवलं तुझ्यावरून. आता जेवून जा, उपाशी जायचं नाही माझ्या मंडपातून."

बदवी जेवला. भात चांगला होता. तो माणूस लबाड आहे की नाही, हे त्याला शेवटच्या घासापर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोती आली नाहीत. हाजींचा फोन वाजत राहिला. होती ती साखर दुपारी संपली. उरुसाच्या मोठ्या रात्री, जेव्हा गावात मुंगीला वाट नव्हती, तेव्हा घुनैमच्या दुकानात फक्त खारे फुटाणे होते. करीमानने लिंबू आणि जिरं लावून ते खपवायचा प्रयत्न केला. माणसं मूठभर चाखायची, पोरं साखरेचे मागायची, आणि सगळे पुढच्या दुकानाकडे जायचे. तिथे आता पोती उतरत होती.

पैशांचं तफीदाने ठरवलं. काही भागाच्या सोन्याच्या बांगड्या, कारण पुस्तकं नव्हती तेव्हाही सोनं होतं. बाकीचे इन्साफच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे, थोडे थोडे सगळ्या हलाल दुकानांत. "सगळ्यांचंच चुकत असेल तर सगळ्यांबरोबर चुकू," ती म्हणाली. हिल्मीने आपल्या वाट्याचे पैसे रेघांसाठी मागितले. तिने अगदी थोडे दिले, आणि किती बुडाल्यावर उठायचं ते कुराणावर हात ठेवून आधी वदवून घेतलं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला समोरचा न्हावी मितवल्ली दुकानात आला. हातात कागदात गुंडाळलेलं मटण होतं, चेहरा उजळलेला.

"नफ्याचे आले बघ," तो म्हणाला. "सकाळी आठालाच. हाजींनी स्वतः पोरगा पाठवला. अजून वेळ गेलेली नाही, बदवी, मी शब्द टाकतो."

"मुबारक," बदवी म्हणाला. "बरकत होवो."

मितवल्ली गेल्यावर इन्साफ आतून आली. ती त्या दिवशी सुटीवर होती. निधीचा भाव त्या महिन्यात खाली आला होता, थोडासाच, पण खाली. तिने ते सकाळीच सांगून टाकलं होतं.

"दिले त्याने," बदवी म्हणाला. "वेळेवर."

"हो."

"पुढच्या महिन्यातही देईल."

"कदाचित."

"आणि तो कधीच बुडाला नाही तर? आपण मरेपर्यंत देत राहिला तर?"

इन्साफने त्याच्या चाळणीखाली परात सरकवली.

बदवी फुटाणे चाळत राहिला. कोंडा खाली पडत होता. मग त्याने विचारलं, "तुझ्या त्या पुस्तकात यावर काही आहे का? शेजाऱ्याला मिळतंय आणि आपण बघत बसलोय, यावर?"

"एक अख्खं प्रकरण आहे."

"मोठं आहे?"

"पुस्तकातलं सगळ्यात मोठं."

"आण मग खाली," तो म्हणाला. "आणि सावकाश वाच. एक पानही गाळू नकोस."